चिमूटभर कापूस

देवघरातली कापसाची डबी काढा. घरात देवघर नसेल तर औषधांच्या डब्यातला कापूसही चालेल. एका फुलवातीला लागतो तेवढाच घ्या. खिडकीपाशी किंवा दिव्याजवळ बसा, पाठ टेकली तरी हरकत नाही. मोबाइल दुसऱ्या खोलीत राहू दे. पुढचा अर्धा तास आपल्याला या कापसाखेरीज काही लागणार नाही.

अजून तो पिंजू नका. तळहातावर ठेवा आणि नुसता पाहा. त्याचं वजन हाताला कळतसुद्धा नाही.

मी लालबागच्या चाळीत वाढले. आजोबा गिरणीत होते, सूत काढायच्या खात्यात. पाळी संपवून घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयांवर आणि कानांवर कापसाची बारीक लव बसलेली असायची. आजी त्यांना आधी मोरीत पाठवायची, मगच चहा. तीच आजी श्रावणात दुपारची कामं आटोपली की कापूस घेऊन वस्त्रमाळ करायला बसायची. बोटं जराशी ओली करायची, थोडा कापूस ओढायचा, पिळायचा, मग एक मणी फुगीर ठेवायचा, पुन्हा ओढायचा, पुन्हा पिळायचा. फुगीर, बारीक, फुगीर, बारीक. पिळलेल्या जागी कुंकवाचं बोट. आजोबा खाटेवरून बघत म्हणायचे, गिरणीत असं जाडबारीक सूत निघालं तर जॉबर, म्हणजे मुकादम, आमच्या अंगावर येतो, आणि ही मुद्दाम जाडबारीक काढते. हे वाक्य मी लहानपणी शेकडो वेळा ऐकलं. त्यात केवढं मोठं काही दडलेलं आहे ते मला फार उशिरा कळलं. त्याकडे आपण येणार आहोत.

आता कापूस दोन्ही हातांच्या चिमटीत धरा आणि अगदी सावकाश ओढा. तुटू देऊ नका. पुंजका सैल होईल, लांबेल, विरळ होईल. विरळ झाला की उजेडासमोर धरा.

काही ठिकाणी तंतू जवळ येऊन त्यांचा दोरा झाला आहे. दोरे जिथे एकमेकांना मिळतात तिथे पांढरी गाठ आहे. आणि या सगळ्याच्या मध्ये मोकळ्या जागा आहेत, त्यांतून पलीकडचा दिवा दिसतो. गाठी, दोरे, मोकळ्या जागा. बराच वेळ पाहा. नजर आपोआप गाठींकडे जाते. तिला हळूच मोकळ्या जागांकडे वळवा आणि तिथे थोडा वेळ राहू द्या.

एक जोडचित्र तुमच्याही फोनवर कधीतरी आलं असेल. डाव्या बाजूला मेंदूतल्या पेशी, उजव्या बाजूला सगळं विश्व, आणि दोन्ही एकाच हाताने विणल्यासारखी. दोन्हीकडे गाठी, दोरे, मोकळ्या जागा. खाली लिहिलेलं असतं: जे पिंडी ते ब्रह्मांडी. मला ते पहिल्यांदा आलं तेव्हा मी ते पुढे पाठवलं नाही, पुसूनही टाकलं नाही. आपल्याकडे श्रवण आणि मनन हे दोन वेगळे शब्द आहेत. कानावर आलं ते श्रवण. त्यावर शंका घ्यायच्या, ते सगळ्या बाजूंनी घासून पाहायचं, ते मनन. चित्र बघून झालं, म्हणजे श्रवण झालं. मनन आज करू.

आधी पिंड.

परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आहे, १९२६ सालचं. अशा महाविद्यालयांत पहिल्या वर्षाची मुलं शरीररचनेच्या टेबलाभोवती उभी राहतात आणि एक दिवस त्यांच्या ओंजळीत माणसाचा मेंदू येतो. वजन दीड किलोला थोडं कमी. जिवंतपणी तो खरवसासारखा मऊ असतो. टेबलावरचा फॉर्मॅलिनमध्ये राहून घट्ट झालेला असतो. तो कापला की बाहेर करडा थर दिसतो, आत पांढुरका भाग. दोरे दिसत नाहीत, गाठी दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली पातळ काप ठेवला तरी, त्याला रंग दिलेला नसेल तर, दिसतं ते जवळजवळ पारदर्शक धुकं.

मग ते चित्र आलं कुठून?

१८७३ साली इटलीत कामिलो गोल्जी यांनी एक रीत शोधली. मेंदूचा तुकडा आधी एका रसायनात मुरवायचा, मग सिल्व्हर नायट्रेटमध्ये. काही पेशी मुळापासून टोकापर्यंत काळ्या होतात, बाकीच्या अजिबात होत नाहीत. शंभरातल्या मोजक्याच. सगळ्याच काळ्या झाल्या असत्या तर काप म्हणजे शाईचा डाग झाला असता. मोजक्याच रंगल्या म्हणून प्रत्येकीच्या फांद्या वेगळ्या दिसल्या. स्पेनच्या सान्तियागो रामोन इ काहाल यांनी हीच रीत हातात घेतली, सुधारली, आणि पुढची कितीतरी वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पेशींची चित्रं काढली. त्या चित्रांपुढे आजही माणूस गप्प होतो.

तुमच्या हातातल्या कापसाचा एक तंतू सुटा करा. डोळ्यांजवळ धरा. त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाएवढी असेल. मेंदूतल्या कितीतरी पेशींचं मुख्य अंग साधारण एवढंच रुंद असतं. आजोबांच्या भुवयांवर जी लव बसायची, तिच्या जाडीची. अशा चेतापेशी माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी आहेत. त्यांतल्या बहुतेक, सुमारे ६,९०० कोटी, मागच्या बाजूच्या छोट्या मेंदूत दाटीने बसलेल्या असतात.

गोल्जी आणि काहाल यांना १९०६ सालचं नोबेल पारितोषिक विभागून मिळालं, पण त्या दोघांचं एका गोष्टीवर शेवटपर्यंत पटलं नाही. गोल्जी म्हणत, मेंदू म्हणजे एकसंध जाळं, सगळं सगळ्याला चिकटलेलं. काहाल म्हणत, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, ती दुसरीच्या अगदी जवळ येते आणि थांबते. काहाल बरोबर होते. दोन पेशी जिथे भेटतात तिथे मध्ये फट असते, मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढी. ती इतकी बारीक की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत कोणाच्या डोळ्यांना दिसली नव्हती. आता या क्षणी तुम्ही हे वाचता आहात, तेव्हा प्रत्येक शब्द अशा असंख्य फटी ओलांडून तुमच्यापर्यंत पोहोचतो आहे.

इथे थांबा. एकदा श्वास आत घ्या, सोडा. बोटांमधला तंतू अजून आहे का बघा.

आता कापूस मांडीवर ठेवा आणि ब्रह्मांडाकडे चला. हा परिच्छेद एकदा वाचून घ्या आणि मग डोळे मिटून त्या वाटेने जा. लालबागची गल्ली वरून दिसते आहे. उड्डाणपूल, गिरणीचं एखादं उरलेलं धुराडं, परळची रेल्वेलाइन. आणखी वर. पूर्वेला शिवडीची खाडी, पश्चिमेला दादरची चौपाटी, खाली कुलाब्याचं निमुळतं टोक. मग किनारा, मग गोल पृथ्वी. मग सूर्य, एक तारा. मग आपली आकाशगंगा, एक लाख प्रकाशवर्षं रुंद, तिच्यात शंभर अब्जांहून अधिक तारे. इथवर बहुतेकांचं मन जातं. पुढच्या पायरीवर ते अडखळतं, म्हणून ती सावकाश चढा. ती सगळी आकाशगंगा लहान होत होत एक ठिपका होते. आणि तो ठिपका एकटा नाही. त्याच्या शेजारी दुसरा आहे, तिसरा आहे, प्रत्येक ठिपका म्हणजे एक दीर्घिका, आणि ते ठिपके आकाशभर कसेही विखुरलेले नाहीत. ते ओळीत आहेत. ओळी एकमेकींना मिळतात, मिळतात तिथे दाटी होते. आणि ओळींच्या मध्ये प्रचंड मोकळ्या जागा आहेत, जिथे जवळजवळ काहीच नाही.

मांडीवरचा पिंजलेला कापूस मनाने पाहा. तसंच.

या पसाऱ्यातली एक गाठ पुण्यात सापडली, हे आपल्याकडे फारसं कोणाला ठाऊक नसतं. २०१७ सालच्या जुलैत आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या जॉयदीप बागची यांनी आणि आयुका, पुण्याची आयसर आणि इतर दोन संस्थांमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घिकांचा एक महासमूह जगापुढे ठेवला. त्याला त्यांनी नाव दिलं सरस्वती. दुर्बिणीने आकाशाचा मोठा पट्टा आधीच मोजलेला होता. त्या मोजमापांतून दीर्घिकांची अंतरं मांडता मांडता ही प्रचंड गाठ वर आली. तिच्यात निदान ४३ मोठे दीर्घिकासमूह आहेत. ती आपल्यापासून सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवर आहे. या टोकापासून त्या टोकापर्यंत तिची लांबी सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं. वस्तुमान दोन कोटी अब्ज सूर्यांहून अधिक. हे आकडे पाठ करायचे नाहीत. शेवटचा आकडा हळू आवाजात एकदा उच्चारा आणि पुढे चला. एक सांगून ठेवते, तिथून निघालेला जो उजेड आपल्या दुर्बिणींपर्यंत पोहोचला तो तीनशे कोटींहून अधिक वर्षं वाटेत होता; दरम्यान विश्व पसरत गेलं, म्हणून आजचं अंतर त्याहून मोठं. तो निघाला तेव्हा पृथ्वीवर एकही मेंदू नव्हता. एकपेशीय जीव होते, बस्स.

आता दोन्ही चित्रं समोर आली. ती जवळ आणण्याआधी आपल्याच शहरातलं एक घर दाखवते.

मुंबईत कापूस एकेकाळी कुलाब्याला उतरायचा. पुढे तो बाजार शिवडीला गेला आणि तिथल्या स्टेशनचं नाव कॉटन ग्रीन पडलं. त्याच कुलाब्याच्या टोकाला, समुद्राला अगदी लागून, १९६२ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या इमारतीचं उद्घाटन झालं. १९७२ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर केंब्रिजहून परत आले ते या संस्थेत. पुण्याला आयुका उभी करायला जाईपर्यंत, म्हणजे १९८०च्या दशकाच्या शेवटापर्यंत, विश्वाच्या रचनेची त्यांची गणितं इथे चालली. आणि त्याच वर्षांत, त्याच संस्थेत, ओबेद सिद्दिकी पिकलेल्या केळ्यांवर जमणाऱ्या चिलटांची चेतासंस्था अभ्यासत होते. त्यांच्याबरोबर वेरोनिका रॉड्रिग्ज होत्या, जन्म केनियातला, घराणं गोव्याचं. चिलटाला चव कशी कळते, वास कसा कळतो, हे त्यांनी शोधलं. एकाच आवारात एकीकडे दीर्घिका, दुसरीकडे चिलटाचा मेंदू. २०२४ साली त्या चिलटाच्या मेंदूचा संपूर्ण नकाशा जगात पहिल्यांदा तयार झाला. सुमारे १ लाख ४० हजार चेतापेशी, ५ कोटींच्या आसपास जोड. खसखशीच्या दाण्याएवढ्या डोक्यात.

कुलाब्यात या दोन अभ्यासांचे आकार शेजारी ठेवून कोणी मोजले नाहीत. ते काम इटलीत झालं, २०२० साली. बोलोन्याचे खगोलशास्त्रज्ञ फ्रान्को वाझ्झा आणि व्हेरोनाचे मेंदूशल्यविशारद आल्बेर्तो फेलेत्ती या दोघांनी ठरवलं की नुसतं ‘सारखं दिसतं’ म्हणून भागायचं नाही. त्यांनी माणसाच्या मेंदूचे पातळ काप घेतले, आणि संगणकावर घडवलेल्या विश्वाचेही काप घेतले. मग दोन्हींमध्ये दाट आणि विरळ यांची चढउतार किती अंतरावर किती होते ते मोजलं. छोट्या मेंदूच्या कापात एक सहस्रांश मिलिमीटरपासून एक दशांश मिलिमीटरपर्यंत जी चढउतार दिसते, तशीच विश्वाच्या जाळ्यात ५० लाख प्रकाशवर्षांपासून ५० कोटी प्रकाशवर्षांपर्यंत दिसते. आकारातला फरक एकावर सत्तावीसहून अधिक शून्यं एवढा. आणि तरी वक्ररेषा जवळजवळ एकमेकींवर बसल्या. ढग, झाडाच्या फांद्या, खळबळणारं पाणी यांच्याशीही त्यांनी ताडून पाहिलं, ती तशी बसली नाहीत.

म्हणजे साम्य खरं आहे. आपल्या डोळ्यांचा खेळ नाही. हे मान्य करताना मला आनंद होतो आणि तो मी लपवणार नाही.

पण मनन इथून सुरू होतं. कापूस पुन्हा हातात घ्या.

त्याच अभ्यासात एका गाठीला सरासरी किती दोरे मिळतात तेही मोजलं. विश्वात चारच्या आसपास, मेंदूत पाचच्या आसपास. ऐकायला गोड वाटतं. पण हे दोरे कापावर जवळ दिसणाऱ्या ठिपक्यांना जोडून मोजलेले आहेत. खऱ्या चेतापेशीला हजारो जोड असतात, त्या चित्रात ते दिसतच नाहीत. मेंदूत सुमारे तीन चतुर्थांश पाणी, विश्वात साधारण तेवढीच कृष्णऊर्जा (डार्क एनर्जी), ही जोडीही त्या दोघांनी मांडली आहे. ती मला पटत नाही. पाण्याचं काम वेगळं, कृष्णऊर्जेचं वेगळं, टक्केवारी जुळली म्हणून नातं जुळत नाही. आणि सर्वांत मोठी गोष्ट अशी की दोन्ही चित्रं रंगवलेली आहेत. मेंदूचं चित्र मोजक्या पेशी रंगवून मिळालेलं. विश्वाचं चित्र संगणकाने रंग देऊन मिळालेलं, कारण तिथल्या दोऱ्यांमधला बहुतेक पदार्थ कृष्णद्रव्य आहे, त्याला स्वतःचा उजेडच नाही. दोन्हीकडे काय दाखवायचं आणि काय झाकायचं हे माणसाने ठरवलं. म्हणून चित्रं खोटी ठरत नाहीत. पण त्यांच्यासमोर बसताना हे आठवणीत असावं.

दिसण्यावरून नातं ठरवायची ओढ जुनी आहे. अक्रोडाला मेंदूसारख्या वळ्या असतात म्हणून मुलांना परीक्षेच्या आधी अक्रोड भरवणारी घरं गिरगावातही आहेत आणि दादरलाही. आणि आकाश व मेंदू यांचं एक नातं तर महाराष्ट्रात खरोखर तपासलं गेलं. २००८ साली नारळीकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या साहाय्याने अतिशय हुशार मुलांच्या आणि बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या आणि ज्योतिषांना त्या ओळखायला दिल्या. प्रत्येकाला ४०. उत्तरं पाठवणारे २७ जण निघाले. सर्वांत पुढे होता त्याच्या २४ बरोबर आल्या, आणि सगळ्यांची सरासरी निम्म्याहून कमी भरली. नाणं उडवून यापेक्षा वाईट जमलं नसतं. आकाशातल्या रेघा आणि डोक्यातली बुद्धी यांचा संबंध लावणं माणसाला किती हवंहवंसं वाटतं, आणि तपासल्यावर हातात किती थोडं उरतं, हे मला त्या चाचणीने शिकवलं. नारळीकर २०२५च्या मे महिन्यात गेले. पिंड-ब्रह्मांडाचं चित्र पुढे पाठवण्याआधी मोजून पाहायची सवय ज्यांनी आपल्याला लावली, त्यांत ते पहिले.

मग हे दोन आकार एकमेकांसारखे का झाले?

कापूस पुन्हा ओढा, आणि या वेळी ओढताना पाहा. सुरुवातीला पुंजका सगळीकडे सारखाच वाटतो. तो तसा नसतो. कुठे चार तंतू जास्त, कुठे चार कमी. ओढ बसली की कमी असलेली जागा आधी विरळ होते, आणि जास्त असलेली दाट राहते. एक छोटासा फरक पाहता पाहता भोक आणि गाठ होतो.

विश्वाचं असंच झालं. ओढणारे हात तिथे दोन होते: प्रसरण आणि गुरुत्वाकर्षण. अगदी सुरुवातीला पदार्थ जवळजवळ एकसारखा पसरलेला होता. ‘जवळजवळ’ या शब्दाशी थांबा. विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं होतं तेव्हाचा उजेड आजही मोजता येतो, आणि त्यात जागोजागचा फरक लाखात एक एवढाच आढळतो. कोणत्याही जॉबरने डोळे मिटून पास केलं असतं असं सूत. पण जिथे लाखात एक जास्त होतं तिथे आजूबाजूचं ओढलं गेलं, म्हणून तिथली ओढ वाढली, म्हणून आणखी ओढलं गेलं. जिथे कमी होतं ती जागा रिकामी होत गेली. रिकाम्या जागा फुगल्या, त्यांच्या कडांना पदार्थ साचला, कडा मिळाल्या तिथे दोरे, दोरे मिळाले तिथे गाठी. त्या गाठींमध्ये आणि दोऱ्यांवर दीर्घिका, दीर्घिकांमध्ये तारे, एका ताऱ्याभोवती आपण.

आजोबांचं वाक्य आता पुन्हा ऐका. विश्वाचं सूत एकसारखं निघालं असतं, गिरणीच्या परीक्षेत पहिलं आलं असतं, तर आज विरळ, थंड धुक्याखेरीज काही नसतं. आजी मुद्दाम जाडबारीक काढायची.

मेंदूत असं ओढलं जाणं नाही. तिथे वाढ आहे. वाढणारी पेशी आपलं टोक पुढे सारत जाते, रसायनांच्या खुणा हुंगत, लालबागच्या गर्दीत ओळखीचा आवाज शोधत पुढे सरकणाऱ्या माणसासारखी. जे जोड वापरात राहतात ते टिकतात, न वापरलेले गळून जातात. आणि सगळ्यात काटकसर आहे. काहाल यांनीच हे हेरलं होतं: जागा वाचवायची, द्रव्य वाचवायचं, वेळ वाचवायचा. विश्वाला काही वाचवायचं नाही, त्याला कुठे पोहोचायचं नाही. एकीकडे ओढ, दुसरीकडे काटकसर, आणि कापात दिसणारी नक्षी तीच. मला या गोष्टीचं नवल त्या जोडचित्रापेक्षा जास्त वाटतं. एकाच विणकराने दोन्ही विणलं असतं तर साम्य अपेक्षितच होतं. इथे विणकर वेगळे, सूत वेगळं, कारण वेगळं.

आता शेवटची कृती. डोळे मिटा. कापसाचा पुंजका उजव्या हाताच्या तर्जनीच्या टोकाला हलकेच लावा. इतका हलका की लागला की नाही अशी शंका यावी.

लागला. बोटाच्या टोकापासून मेंदूपर्यंत एक मीटरची वाट, आणि ती बातमी सेकंदाच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास पोहोचली. पुन्हा लावा. पुन्हा पोहोचली. मेंदूच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे निरोप जातो, उत्तर येतं, त्यावर पुन्हा उत्तर जातं, आणि हे तुम्ही एक श्वास घेईपर्यंत कितीतरी वेळा होतं. विचार नावाची गोष्ट या येण्याजाण्यात आहे.

सरस्वतीच्या एका टोकाकडून निरोप निघाला आणि तो प्रकाशाच्या वेगाने गेला, ज्याहून जलद काहीच जात नाही, तर दुसऱ्या टोकाला पोहोचायला ६० कोटी वर्षं. विश्वाचं आजचं वय १,३८० कोटी वर्षं. भागाकार करा: २३. विश्वाच्या आजवरच्या सगळ्या आयुष्यात एका गाठीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे फार तर तेवीस निरोप एकामागून एक गेले असते, तेही ती गाठ पहिल्या दिवसापासून तयार असती तर. आणि विश्वाचा पसारा दिवसेंदिवस वाढतोच आहे. विश्व म्हणजे एक प्रचंड मेंदू, तो विचार करतो आहे, असं कधी कधी त्या चित्राखाली लिहून येतं ते मला म्हणूनच मान्य नाही. त्याच्याकडे जाळं आहे. बोलणं नाही.

बोटावरचा कापूस काढा. स्पर्श गेल्याचीही बातमी पोहोचली.

थोडा वेळ असेच बसा. डोक्यात काही ना काही चालू असेल, पोळ्या करायच्या आहेत, कोणाला फोन करायचा आहे, खाली कोणी हॉर्न वाजवतं आहे. त्याला हाकलू नका. ते सगळं त्या फटींवरून उड्या मारत चाललं आहे. तुमचा मेंदू आत्ता ज्या आकाराबद्दल वाचतो आहे तो आकार त्याच्याच पोटात आहे, आणि ते त्याला आतून कधीही जाणवत नाही. ते कळायला चांदीचं रसायन लागलं, भिंगं लागली, आणि कोणीतरी मरणानंतर आपलं शरीर टेबलावर ठेवू दिलं.

कापूस टाकू नका. त्याची वात करा आणि आज संध्याकाळी लावा.

आणि दिवाळीच्या सुमारास, नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, रात्री नऊ वाजता गच्चीवर जा. चाळीची गच्ची बंद असेल तर शिवाजी पार्कच्या मैदानात मध्यभागी उभे राहा, दिव्यांपासून जमेल तेवढं लांब. दक्षिणेकडे तोंड करा आणि मान वर करा. डोळ्यांना दहा मिनिटं द्या. डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसेल, तो भाद्रपदा नक्षत्रांचा. मुंबईच्या उजेडातही आभाळ निरभ्र असलं तर तो सापडतो. चौकोनाची खालची बाजू धरा आणि त्या बाजूच्या लांबीएवढं अंतर आणखी खाली, दक्षिणेकडे या. तिथे मीन रास आहे आणि नुसत्या डोळ्यांना तिथे काही दिसत नाही. हात ताठ पुढे करून त्या काळोखावर मूठ धरा. सरस्वती साधारण तेवढ्या मुठीमागे मावते.